आधी कोण पोचलं?

चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगायचं तर, काहीच वाटलं नाही. मेंदूच्या आडव्या छेदाचा आकार, आतल्या घड्या अंधुक, कडा अशा की ओल्या पाटीवर खडूनं काढावं आणि वरून तळवा फिरावा. भाचीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला होता. ती भौतिकशास्त्रवाली, मी मराठीचा निवृत्त मास्तर.

"मामा, कसं वाटतंय?"

"पुसट आहे."

"आहेच पुसट. पण हे काढलेलं चित्र नाही. पडलेलं आहे."

त्या एका क्रियापदाशी मी अडकलो. जळगावात तीस वर्षं मी पोरांकडून रसग्रहणं लिहून घेतली. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य अशा तीन कप्प्यांत कविता कापून भरायची आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. त्या कप्प्यांत न बसणारं काही समोर आलं की आमची जात बिचकते. चांदणं पडतं, दव पडतं, ठसा पडतो. चित्र कसं पडेल? मग त्या पुसट आकृतीमागे महिनाभर लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतोय. कवितेला लावतो तोच चष्मा लावलाय, दुसरा माझ्याकडे नाही.

चित्र २०२१ साली 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये छापून आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सायमन चेरी यांच्या गटाचं आणि जपानच्या हामामात्सू कंपनीतल्या संशोधकांचं हे काम. लेखकांत पहिलं नाव सन इल क्वॉन यांचं. चित्रातला मेंदू कुणा माणसाचा नव्हे, प्रयोगासाठी केलेली प्रतिकृती आहे. तिच्यात किरणोत्सारी द्रव्य आणि तिच्या दोन बाजूंना समोरासमोर डिटेक्टरांची एक जोडी. बस्स. पेट स्कॅनच्या मशीनमध्ये असली हजारो डिटेक्टरांची कडी असते आणि मागे गणित करणारा कॉम्प्युटर. इथे कडी नाही, आणि चित्र रचणारं ते गणितही नाही. तरी चित्र आहे.

हे नवल का, ते मला कळलं आमच्या आबांमुळे. आबा एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा रजिस्टरात टाकण्यात गेली. त्यांना पेट स्कॅनसाठी मुंबईला नेलं. उपाशीपोटी सुई दिली आणि तासभर एका खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं. बोलायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. सुईत जी साखर असते तिच्यावर फ्लोरिन-१८ चा किरणोत्सारी अणू टाचलेला असतो. स्नायू हलले तर तेच ती साखर खाऊन बसतात आणि जिथे बघायचं तिथे कमी उरते. गाठीच्या पेशी साखरेला हावरट, म्हणून त्या उठून दिसतात. मेंदूही हावरट, त्यामुळे प्रत्येकाच्या फिल्मवर डोकं काळंकुट्ट येतं. आबांनी ते पाहून आधी डोक्यालाच हात लावला होता.

(हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईत बनवलेली मात्रा आठ तास गाडीत घालून जळगावला आणली तर पोचेपर्यंत तिच्यातलं जेमतेम पाच टक्के उरेल. रोग्यानं औषधाकडे जायचं, औषध रोग्याकडे येत नाही, ते यामुळे. भारतातलं पहिलं पेट मशीन २००२ साली परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं, आणि त्याच्याच सोबत ही साखर बनवायला लागणारा सायक्लोट्रॉनही आणावा लागला.)

फ्लोरिनचा अणू मोडताना एक पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा. तो शरीरात मिलिमीटरभर भटकतो, एखादा इलेक्ट्रॉन भेटतो, आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांच्या जागी दोन गॅमा किरण निघतात, पाठीला पाठ लावून, नेमके विरुद्ध दिशांना. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या टकरीचं एक गणित १९३५ साली केंब्रिजमध्ये बसून होमी भाभांनी मांडलं होतं. ते आजही त्यांच्याच नावानं चालतं. परळच्या त्या मशीनवर भाभांच्या केंद्राची पाटी असावी, हा योगायोग मला भारी आवडतो.

दोन किरण समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांवर आदळले म्हणजे एवढं कळलं की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ही भेट झाली. कुठेतरी म्हणजे कुठे? ते कळत नाही. म्हणून कॉम्प्युटर नाइलाजानं ती घटना सगळ्या रेषेवर सारखी फासतो, अशा कोट्यवधी रेषा एकमेकींवर रचतो आणि गणितानं त्यातून गाठ शोधून काढतो. हे 'काढलेलं' चित्र.

परतीच्या गाडीत आबांच्या मांडीवर फिल्मचं पाकीट होतं. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली तसे ते म्हणाले, "कोठे शे ते?" दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. नुसतं उत्तर देण्यापेक्षा मी भाचीनं शिकवलेलं कोडं त्यांना घातलं.

जळगाव ते धुळे रस्ता, धरून चालू ९० किलोमीटर. या रस्त्यावर कुठल्यातरी गावाहून एकाच क्षणी दोन एसटी सुटल्या, एक जळगावकडे, एक धुळ्याकडे. दोघींचा वेग सारखा, ताशी ४५. जळगावची गाडी ४० मिनिटं आधी पोचली. गाव कोणतं?

आबांनी खिडकीवर बोट घासल्यासारखं केलं आणि म्हणाले, "एरंडोल." मला कागद लागला होता. चाळीस मिनिटांत गाडी तीस किलोमीटर जाते, त्याच्या निम्मे पंधरा, मधल्या खुणेपासून पंधरा किलोमीटर जळगावकडे सरका, जळगावपासून तिसाव्या किलोमीटरला एरंडोल. निम्मे का, तर एक गाडी जवळ आली तेवढीच दुसरी लांब गेली. कंट्रोलरला हे सांगावं लागलं नाही.

रसाचा पहिला ठिकाणा मला इथे दिसतो. आबांचा प्रश्न 'कुठे' असा होता. उत्तर 'कधी'नं दिलं. दोन ठिकाणच्या रजिस्टरांत फक्त वेळा होत्या, आणि त्यांच्या वजाबाकीतून एक गाव उभं राहिलं. मराठीत 'वेळ' आणि 'स्थळ' आपण पत्रिकेवर जोडीनं छापतो, तरी दोन वेगळ्या ओळींत. इथे एक ओळ दुसरीत विरघळते.

मात्र लगेच आबांनी मास्तराला पकडलं. "घड्याळं जुळेल व्हतात का दोन्हीकडनी?" दोन डेपोंच्या घड्याळांत वीस मिनिटांचा घोळ असेल तर गाव साडेसात किलोमीटर इकडेतिकडे जाईल. गणित निर्दोष, गाव चुकीचं. गॅमा किरणांच्या बाबतीत तर वेग ताशी ४५ नसून सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. त्याच्या निम्मे धरले तर दहा पिकोसेकंदांची चूक म्हणजे दीड मिलिमीटर, शंभरांची चूक म्हणजे दीड सेंटिमीटर, पाचशेंची म्हणजे साडेसात. या धंद्यातली सगळी खटपट त्या एका आकड्यासाठी आहे: घड्याळ किती पिकोसेकंदांनी चुकतं.

आणि हे घड्याळ म्हणजे काचेसारखा दिसणारा एक स्फटिक. नीट बघण्यासारखी चीज हीच.

किरण आदळला की चमकतो, त्या स्फटिकाला सिंटिलेटर म्हणतात. आजच्या पेट मशीनमधला नेहमीचा स्फटिक लुटेशियमचा असतो, ज्याला लॅबमध्ये एलएसओ म्हणतात. १९९०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स मेल्चर यांनी तो पुढे आणला. दोन हजार अंशांवर वितळणारा हा माल ज्या मुशीत तापवायचा ती मूस इरिडियमची, म्हणजे भावात सोन्याशी स्पर्धा करणाऱ्या धातूची. आमच्या सराफ बाजारातही असली मूस कुणी पाहिली नसेल. चिमूटभर सेरियम टाकायचं आणि तासाला एखाद-दोन मिलिमीटर इतक्या धीरानं तो स्फटिक वर ओढायचा. तयार झालेला तुकडा हातात घेतला तर पारदर्शक, लहान, आणि शिशासारखा नसला तरी काचेच्या मानानं भलताच जड. जड हवाच. तसा नसेल तर गॅमा किरण त्याच्यातून सरळ आरपार निघून जाईल.

आता एक किरण आत शिरून अडला. त्याच्या ऊर्जेतून सुमारे पंधरा हजार प्रकाशकण, फोटॉन, निघतात. पण एकदम नाही. एसटी थांबल्यावर माणसं उतरतात तसे, दाटीवाटीनं, मागेपुढे, आणि हे उतरणं चाळीस नॅनोसेकंदांच्या हिशेबानं ओसरत जातं. चाळीस नॅनोसेकंद म्हणजे चाळीस हजार पिकोसेकंद! आपल्याला तर शंभराच्या आत वेळ हवी आहे.

मी आबांना विचारलं, "गाडी आली ही वेळ तुम्ही नेमकी केव्हा टाकत होतात? सगळे उतरल्यावर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतून काढून टाकावं. गाडी गेटातून आत आली की वेळ टाकायची. शेवटची म्हातारी बोचकं घेऊन उतरेपर्यंत थांबलं तर कुठल्याच गाडीची वेळ खरी निघणार नाही.

तेच. पंधरा हजारांतले बहुतेक फोटॉन घड्याळाच्या कामाचे नाहीत. ते किती आले यावरून किरणाची ऊर्जा कळते, तेवढंच त्यांचं काम. वेळ सांगतात ते पहिले काही. पहिल्या शंभर पिकोसेकंदांत एलएसओमध्ये फार तर तीस-चाळीस फोटॉन जन्मतात, त्यातलेही सगळे पकडले जात नाहीत. म्हणजे स्फटिकाची खरी परीक्षा त्याच्या एकूण उजेडावर होत नाही, त्या उजेडाच्या उठावावर होते. चांगली ओळ पहिल्या अक्षराला जशी लागते. मला इथे आमच्या गावाकडच्या डफाची आठवण आली: घुमतो किती हे वेगळं, थाप कुठे पडली हे वेगळं, आणि नाचणारा पाय थापेवर उचलतो.

थाप धारदार करायचे प्रयोग मग एकेक करून समजू लागले. सेरियमसोबत जरासं कॅल्शियम घाला, चमक लवकर ओसरते, म्हणजे तेवढेच फोटॉन कमी वेळात, सुरुवात दाट. फोटॉन टिपायला जुन्या काचनळ्यांऐवजी सिलिकॉनच्या सूक्ष्म घरांची जाळी लावा, जिच्यातलं प्रत्येक घर एकेका फोटॉनला दचकतं. त्या दचकण्याचा विजेचा इशारा तारेत पसरू न देता पुढे न्या. या सगळ्याची सांगड घालून श्टेफान गुंडाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ पिकोसेकंदांपर्यंत मजल मारली. तीन मिलिमीटर लांबीच्या स्फटिकावर.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम तोडून लिहिलं. तीन मिलिमीटर जाडीत बहुतेक गॅमा किरण न अडता निघून जातात. दवाखान्याला वीस मिलिमीटरचा स्फटिक लागतो. आणि लांबी आली की घोळ आला. वीस मिलिमीटर अंतर गॅमा किरण ६७ पिकोसेकंदांत कापतो, पण स्फटिकातला उजेड जड पायांनी चालतो, त्याला तेवढ्याच वाटेला सव्वाशेच्या आसपास लागतात. किरण तोंडाशी अडला की तळाशी, यावर पहिला फोटॉन केव्हा पोचेल हे बदलतं. गाडी लांबलचक स्टँडाच्या कुठल्या टोकाला लागली हे कंट्रोलरला दिसलंच नाही तर तो तरी काय करील? त्याच लोकांनी वीस मिलिमीटरच्या स्फटिकावर मोजलं तेव्हा आकडा ९८ झाला. तोही कौतुकाचाच आहे. विक्रमाचे आकडे वाचताना मी आता आधी स्फटिकाची लांबी शोधतो, जशी काव्यस्पर्धेचा निकाल वाचताना परीक्षकांची नावं.

या आकड्यांमागे एक विस्मरणाची गोष्ट आहे आणि ती मला चित्राइतकीच आवडली. वेळेवरून जागा शोधायची कल्पना नवी नाही. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये सीझियम फ्लोराइडचा स्फटिक वापरून ती पुढे आली, आणि अमेरिकेत सेंट लुईसला मिशेल टेर-पोगोसियन यांच्या गटानं तशी मशीनं बांधलीदेखील. स्फटिक चपळ होता, पण हलका. किरण अडवायला कमी पडायचा, हवेतलं पाणी पिऊन खराब व्हायचा. समोर होता बिस्मथचा जड स्फटिक, बीजीओ. किरण मस्त अडवायचा, पण स्वभावानं मठ्ठ; त्याची चमक तीनशे नॅनोसेकंद रेंगाळायची. लोकांनी मठ्ठपणा पत्करला. वीस वर्षं पेट मशीननं घड्याळ बाजूला ठेवलं आणि नुसत्या रेषांवर भागवलं. एलएसओ आणि त्याचा भाऊबंद एलवायएसओ आल्यावर २००६ मध्ये फिलिप्सनं सहाशे पिकोसेकंदांच्या आसपासचं मशीन बाजारात आणलं. २०१८च्या सुमारास सीमेन्सच्या मशीननं २१४ गाठले.

इथे एक गैरसमज माझाही होता. २१४ पिकोसेकंद म्हणजे तीन सेंटिमीटरच्या वर. मग चार मिलिमीटरची गाठ कशी दिसेल? भाची म्हणाली, बारकावा अजून रेषांच्या गणितातूनच येतो. घड्याळ फक्त सांगतं की घटना सगळ्या चाळीस सेंटिमीटरच्या देहावर फासू नको, या तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात फास. त्यामुळे चित्रातली रवाळ कचकच घटते. माणूस जितका स्थूल तितका फायदा मोठा. तेवढ्यानं साखरेची मात्रा कमी देता येते किंवा आबांसारख्यांना कमी वेळ निजवावं लागतं. पाठदुखीवाल्याला त्या कडक पाटावरची पाच मिनिटं वाचणं म्हणजे काय, ते आबांना विचारा.

आणि मग तो मठ्ठ बीजीओ परत आला. त्याच्या चमकेतून पहिल्या शंभर पिकोसेकंदांत एखाद-दुसराच फोटॉन निघतो. पण त्या चमकेच्याही आधी, किरणानं उडवलेला इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या प्रकाशापेक्षा जोरात धावतो तेव्हा, एक निळसर झळक उमटते. १९३४ मध्ये पावेल चेरेन्कोव्ह यांनी ती पाहिली, १९५८ मध्ये तिला नोबेल मिळालं. बीजीओत एका घटनेला तिचे पंधरा-वीस फोटॉन. हजारोंपुढे चिल्लर. पण ते जवळजवळ त्याच क्षणी निघतात, रेंगाळत नाहीत. स्फटिक नव्हे, ऐकणारे मठ्ठ होते म्हणायचे! दशकानुदशकं ही झळक त्याच स्फटिकात होती आणि ती टिपण्याजोगे कान नव्हते. जळगावचा माणूस लिहितोय म्हटल्यावर आसोद्याच्या बहिणाबाई आल्याशिवाय राहत नाहीत. त्यांची गाणी पुस्तकरूपात १९५२ मध्ये निघाली, त्या गेल्यावर वर्षभरानं. तुलना पुढे ताणत नाही.

आता पुन्हा त्या पुसट मेंदूकडे. क्वॉन आणि मंडळींनी चमक बाजूलाच सारली. शिशाचं फ्लोराइड घेतलं, जे चमकत नाही, फक्त चेरेन्कोव्हची झळक देतं, आणि ते फोटॉन टिपणाऱ्या नळीच्या अंगातच बसवलं, म्हणजे मधली हद्दही गेली. घड्याळाची चूक उतरली ३२ पिकोसेकंदांवर. ३२ म्हणजे ४.८ मिलिमीटर. एवढ्या जागेत बिंदू ठेवला की काम झालं. रेषा रचायची गरज नाही. एक घटना, एक ठिपका. पुढची घटना, पुढचा ठिपका. पावसाचे थेंब फरशीवर पडतात तसे ठिपके पडत गेले आणि त्यातून मेंदूची घडी दिसू लागली. भाचीचं क्रियापद नेमकं होतं.

एक खोच मात्र काढतोच. ठिपक्याची वेळ ठरवायला त्यांनी न्यूरल नेटवर्क शिकवून बसवलं आहे. गणिताला पुढच्या दारानं निरोप दिला आणि ते परसातून आत आलं. शिवाय शिशाच्या फ्लोराइडचे मोजके फोटॉन किरणाची ऊर्जा नीट सांगू शकत नाहीत, त्यामुळे वाटेत धडकून वळलेला भटका किरण ओळखणं अवघड. दवाखान्यासाठी ही अडचण किरकोळ नाही. तरी चित्राच्या पुसटपणात मला उणेपणा दिसेना. त्या कडांचा धूसरपणा म्हणजे घड्याळाची चूकच डोळ्यांना दिसते आहे, ४.८ मिलिमीटर रुंद. लपवलेली नाही.

सर्नमधले पॉल लेकॉक आणि इतरांनी दहा पिकोसेकंदांचं आव्हान जगापुढे ठेवलेलं आहे. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा केंद्रात गॅडोलिनियम गार्नेटचे सिंटिलेटर स्फटिक वाढवतात. उजेड भरपूर, चाल सावकाश. आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीच्या डोंगरावर चारशेच्या आसपास प्लॅस्टिक सिंटिलेटर मांडून बसला आहे. आकाशातून कणांची सर येते, तिरपी. त्या मांडणीच्या ज्या कडेला आधी लागली तिकडून आली. तिथेही प्रश्न 'कुठून' आणि उत्तर 'आधी कोण पोचलं'.

इकडे आमच्या परतीच्या गाडीत चाळीसगाव गेलं. उन्हं तिरपी होऊन खिडकीतून आत आली होती. आबांनी पाकिटातून फिल्म काढून काचेला लावली. पिवळ्या उजेडात त्यांचाच देह, डोकं काळं, मूत्राशय काळं, आणि डाव्या बाजूला बरगड्यांच्या आत एक लहान काळा दाणा. रिपोर्टात त्याची जागा लिहिली होती, ती मी वाचून दाखवली. त्यांनी फिल्म खाली ठेवली, सदऱ्यावरून बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आठे शे का?"

मी त्यांचं बोट किंचित वर सरकवलं. तीस वर्षं पेन धरून चपटं झालेलं, दीडेक सेंटिमीटर रुंदीचं. शंभर पिकोसेकंद.